प्रत माहितीसाठी

तिसऱ्यांदाही तेच झालं.

सोमवारी सकाळी नऊला भूखंडावर ठाण मांडायचं, असं ठरलं होतं. बायका पावणेनऊलाच पोहोचल्या, तेव्हा जेसीबी काम उरकून परत निघालं होतं. कडुनिंब मुळासकट आडवा पडला होता आणि रस्त्याच्या कडेने चाळीसेक फुटांची चारी खणून झाली होती. सारिकाने चालकाला थांबवलं.

"तुम्हाला किती वाजता बोलावलं होतं?"

"सहाला. नऊच्या आत निघा म्हणाले."

"का?"

"तुम्ही येणार होत्या ना नऊला," तो सहज म्हणाला. "पुढच्या सोमवारी भिंतीला सुरुवात आहे. तेव्हा किती वाजता येताय?"

मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या. सारिका हसली नाही.

गट अठ्ठ्याऐंशी म्हणजे शहराच्या धरणगावकडच्या टोकाची ब्याऐंशी घरांची कॉलनी. मधोमध अकरा गुंठ्यांचा मोकळा भूखंड. नकाशावर तिथे बगीचा आहे. वीस वर्षांत बगीचा झाला नाही, पण दर मार्चमध्ये तिथे जुन्या लुगड्यांवर ज्वारीच्या बिबड्या वाळत आल्या, संध्याकाळी पोरं खेळत आली आणि कॉलनीतली निम्मी लग्नं त्याच जागेवर लागली. चार महिन्यांपूर्वी कळलं की ती जागा माजी नगरसेवक जीवराम यांच्या ट्रस्टला व्यायामशाळेसाठी तीस वर्षांच्या कराराने गेली आहे. व्यायामशाळेच्या आराखड्यात रस्त्याकडेला दुकानांची चौदा शटरं होती.

हे कळलं ते कुंदनमुळे. कुंदन पालिकेत आवक-जावकच्या खिडकीवर कंत्राटी ऑपरेटर आहे. जागा देण्याच्या ठरावाचा फोटो त्यानेच सारिकाला आणून दाखवला होता. "ताई, एवढंच करा," तो म्हणाला होता, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका. आमचं कंत्राट दर सहा महिन्यांनी नवं होतं. काढायला कारणसुद्धा लागत नाही."

त्या फोटोवर संघर्ष समिती उभी राहिली. समितीत पाच जण. अध्यक्ष सारिका, जी घरी शिकवण्या घेते. सचिव ज्ञानेश्वर नाना, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. बेबाबाई, जिच्या एका हाकेवर चाळीस बायका बाहेर पडतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा युवराज. आणि कुंदन. वकिलांनी एकच गोष्ट बजावली होती. भिंत उभी राहिली की ताबा त्यांचा, मग कोर्टात म्हातारे व्हाल. भिंतीआधी जागेवर बसा.

बसायला गेलं की समोरचे आधीच येऊन गेलेले असत. पहिल्यांदा मोजणी अडवायची होती, ती आदल्या दिवशीच उरकली. दुसऱ्यांदा संबंधित अधिकाऱ्यांना घेराव घालायचा होता, ते त्या दिवशी दौऱ्यावर गेले आणि त्यांच्या दाराबाहेर दोन पोलीस खुर्च्या टाकून बसलेले होते. आणि आता हे.

मंगळवारी संध्याकाळी सारिकाच्या पुढच्या खोलीत चौघं जमले. कुंदनला निरोप दिला नव्हता. कोणी द्यायचा नाही, हे कोणी ठरवलंही नव्हतं.

"नऊची वेळ पाच जणांना माहीत होती," युवराज म्हणाला. "बायकांना आपण सकाळी आठला सांगितलं. जेसीबी सहाला आलं. म्हणजे पाचातलाच कोणीतरी."

"आन पोलीस?" बेबाबाई म्हणाली. "त्यासले तं पत्र जास ना आपलं?"

"पोलिसांना कळवणं भाग आहे, नाहीतर आपल्यावरच गुन्हा," नाना म्हणाले. "आणि ठाण्यातलं पत्र असं बाहेर फिरत नसतं. एकतीस वर्षं पत्रव्यवहार केलाय मी, अक्का. एक कागद गहाळ झालेला नाही."

"मग सरळच बोलतो," युवराज म्हणाला. "मागच्या बुधवारी कुंदन जीवरामभाऊंच्या ड्रायव्हरबरोबर चहा पीत होता. बसस्टँडसमोर. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"चहा तं मीबी पेस. त्यामा काय शे?"

"तुमच्या हातात पालिकेचं आवक रजिस्टर नाही ना, अक्का."

"आरे, पन त्यानीच तं बठ्ठं सांगं आपले पहिले!"

"तेच तर. आधी आपला विश्वास मिळवला." युवराजने आवाज खाली आणला. "आणि काही झालं तरी तो आपल्या कॉलनीतला नाही."

कुंदन नाल्यापलीकडे, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतो. ठरावाचा फोटो घेऊन आला तेव्हा ही गोष्ट कोणाला आठवली नव्हती.

सारिकाजवळ एक गोष्ट होती आणि ती सांगावी की नाही हे तिचं ठरत नव्हतं. रविवारच्या बैठकीत वेळ ठरत असताना कुंदन टेबलाखाली मोबाइलवर काहीतरी लिहीत होता. तिने पाहिलं तसा त्याने मोबाइल उपडा ठेवला. तेव्हापासून ती त्याच्यावर नजर ठेवून होती. तो समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती वाजता दिसतो, कोणाच्या मेसेजला अंगठा देतो, कोणाच्या नाही. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं आणि तरी ती रोज पाहत होती.

तिने ते सांगितलं.

"झालं तर मग," युवराज म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे कुंदनला ग्रुपमधून काढलं.

बेबाबाईने पदर सावरला. "मना मनले पटत नही. पन तू सांगस तं शे काहीतरी."

"नुसतं ग्रुपमधून काढून चालत नाही," नाना म्हणाले. "समितीतून कमी केल्याचा कागद लागतो. उद्या त्याने काही केलं तर आपली जबाबदारी राहायला नको."

"करा नाना, काय ते," सारिका म्हणाली.

तिची सही वेगळी घ्यायची गरज नव्हती. चार ते आठ शिकवण्या असतात, प्रत्येक पत्राला धावपळ नको, म्हणून सुरुवातीलाच तिने दहा कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून दिल्या होत्या. नाना वर मजकूर टाइप करून आणत. आजवर एकही शब्द चुकलेला तिने पाहिला नव्हता. खरं म्हणजे तिने ती पत्रं पाहिलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास ती सहावीच्या पेपरच्या झेरॉक्स काढायला डिंपलच्या दुकानात गेली. डिंपलने पेपर मशीनमध्ये घालता घालता एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"ताई, नानांची एक प्रत जास्त निघाली सकाळी. तुमचीच सही आहे, घेऊन जा. रद्दीत टाकली तर पुन्हा मलाच ऐकवतील."

सारिकाने उभ्या उभ्या वाचलं. भाषा नेमकी होती. 'पालिकेच्या कार्यालयातील कंत्राटी कर्मचारी श्री. कुंदन यांनी समितीस ठरावाची छायाप्रत पुरवली असली, तरी त्यांचे नंतरचे वर्तन संशयास्पद आढळल्याने त्यांना समितीतून कमी करण्यात येत आहे.' खाली तिची सही. सहीच्या खाली, बारीक अक्षरात, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर'. पहिलं नाव आयुक्तांचं. मग पोलीस निरीक्षक, मग वर्तमानपत्रं. सहाव्या क्रमांकावर जीवराम यांच्या ट्रस्टचे अध्यक्ष. कंसात 'संबंधित'.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"नाना नेहमी किती प्रती काढतात गं?"

"सात. पहिल्या वेळी मी सहाच काढल्या, तर केवढे चिडले! म्हणे, संबंधिताची प्रत राहिली तर पत्र नियमात बसत नाही."

पेपर तिथेच ठेवून सारिका नानांच्या घरी गेली. नाना जेवून पानाचा डबा उघडत होते. तिने फाइल मागितली. त्यांनी ती आनंदाने काढली, कारण आजवर कोणी मागितली नव्हती. तारखेनुसार लावलेले कागद, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येक पत्रामागे त्याची पोहोच. मोजणीच्या वेळचं पत्र, घेरावाचं पत्र, सोमवारचं पत्र. तिन्हींच्या मागे ट्रस्टचा गोल शिक्का. शेवटच्यावर 'रविवार, सायं. ७.१०' असं कोणीतरी हाताने लिहिलेलं. रविवारची बैठक साडेसहाला संपली होती.

"नाना, हे तुम्ही त्यांना दिलंत?"

"मग? पोहोच आहे की."

"आपण कधी येणार, हे लिहून?"

"तारीख, वेळ, ठिकाण लिहावंच लागतं. समोरच्याला कळवलं नाही असा आक्षेप उद्या कोर्टात..." नाना बोलता बोलता शिक्क्यावर बोट ठेवून थांबले. मग त्यांनी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचंही उलटलं. मुक्ताईनगरला असताना एका ठेकेदाराला प्रत गेली नव्हती आणि त्यांना मेमो मिळाला होता. ती गोष्ट त्यांनी सांगायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली.

"कुंदनचं पत्र?" तिने विचारलं.

"ट्रस्टच्या ऑफिसला कुलूप होतं. ती प्रत पिशवीत आहे. बाकीच्या उद्या." त्यांनी तिच्याकडे न पाहता सांगितलं. "आयुक्तांची तेवढी दिली. जेवणाची सुट्टी होती, खिडकी बंद होती. काचेखालून आत सरकवून आलो. पोहोच घ्यायची राहिली."

"पिशवी द्या," सारिका म्हणाली. त्यांनी दिली. उरलेले कोरे सहीचे कागदही त्यांनी न मागता तिच्यापुढे ठेवले.

पालिकेत पोहोचली तेव्हा तीन वाजले होते. आवक खिडकीपुढे सात-आठ माणसं होती. ती सरळ पुढे गेली.

"ओ मॅडम, लाइनमध्ये!" मागून एक जण म्हणाला. "आम्ही काय इथे आरतीला उभे आहोत?"

"एकच मिनिट, दादा."

"इथे मिनिटाचंच भांडण आहे!"

काचेपलीकडे कुंदनने मान वर केली. त्याच्या डाव्या हाताला ट्रे होता आणि सगळ्यात वर नानांचं पत्र होतं. त्यावर निळा शिक्का बसलेला तिला काचेतून दिसला.

"कुंदन, ते पत्र..."

"आलंय." त्याने रजिस्टर तिच्याकडे वळवलं. चार हजार एकशे सव्वीस. विषयाच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात त्याचं नाव होतं. "दोन वाजून वीस मिनिटांनी."

"नोंदवलंस कशाला? फाडून टाकायचं होतंस. पोहोचसुद्धा घेतली नव्हती नानांनी. कोणाला कळलं नसतं."

"फाडलं असतं तर तुमचं खरं झालं असतं, ताई."

मागची लाइन कुरकुरत होती.

"आधीची पत्रं तू पाहिली होतीस?" तिने विचारलं. "ट्रस्टला प्रत जात होती, ते?"

"तिन्ही पाहिली. आयुक्तांची प्रत माझ्याच हातात यायची, खाली यादी असायचीच."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम कळवताय. लपून नाही, समोरून लढायचं, असं काहीतरी." तो थांबला. "सही तुमची होती."

रविवारी टेबलाखाली तू काय लिहीत होतास, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. तिने ते विचारलं नाही.

पिशवीतून तिने सहीचा एक कोरा कागद काढला. मग तो परत ठेवला आणि कुंदनकडून साधा कागद मागून घेतला. खिडकीच्या कडाप्प्यावर टेकून तिने लिहिलं. आवक क्रमांक ४१२६ चे पत्र मी आगाऊ सही करून दिलेल्या कागदावर, मी न वाचता गेले आहे. त्यातील संशयाला कोणताही आधार नाही. चूक माझी आहे. मजकूर मागे घेते. ठरावाच्या छायाप्रतीबद्दल ती काहीच लिहू शकली नाही. ते खोटं नव्हतं आणि कागदावर येऊन गेलं होतं. शेवटी, सगळं लिहून झाल्यावर, तिने सही केली.

कुंदनने पत्र वाचलं. सगळी वाचतो तसंच, बोट न ठेवता, भराभर.

"पत्र मागे घेता येतं," तो म्हणाला. "नोंद मागे घेता येत नाही."

त्याने शिक्का मारला. चार हजार एकशे सत्तावीस. दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्रे शिपायाकडे दिला. शिपाई ट्रे काखेत मारून जिन्याकडे निघाला.

"आधी कुठलं वाचतील?" सारिकाने विचारलं.

"वरचं. मग खालचं."

"कंत्राट कधी संपतं तुझं?"

"एकतीसला."

मागचा माणूस आता तिच्या खांद्यापाशी आला होता. तिने पिशवी उचलली, मग पुन्हा काचेजवळ वाकली. नाना यापुढे पत्र देणार नव्हते. सोमवारी बायका सहाला नाही, चारला उठणार होत्या, हे तिने रस्त्यातच ठरवलं होतं, आणि हे पहिल्यांदा कोणाला सांगायचं हेही.

"कुंदन, सोमवारी आपण..."

त्याने तळहात काचेला लावला.

"सोमवारचं मला सांगू नका, ताई," तो म्हणाला आणि तिच्या मागे बघत आवाज दिला, "हं, पुढे कोण?"