बोंड्याच्या पाठीवरची तुतारी

मी एक जुनी तुतारी आहे. मित्रांनो, वाजवायची तुतारी नव्हे, तसं असतं तर किती बरं झालं असतं. आमच्या वऱ्हाडात बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हणतात. तिच्या टोकाला खिळा असतो आणि त्या खिळ्याचं काम एकच, टोचणं. आज माझ्या टोकाला खिळा नाही, नुसतं भोक आहे. ते कसं पडलं हे मी सांगणार आहे, आणि माझ्या अंगभर दातांच्या खुणा कशा आल्या तेही.

मी तिवसाच्या झाडाची फांदी होते. चांदूर रेल्वेजवळच्या एका गावातल्या वामनरावांनी मला तोडलं, साल सोलली, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. मग हातोडीने माझ्या डोक्यात खिळा ठोकला. म्हणजे बघा, पहिला मार मीच खाल्ला. पण मला त्याचं काही वाटलं नाही, उलट ऐटच आली.

काळ्या रानात तण काढायचा डवरा चालायचा आणि मी वामनरावांच्या मुठीत. बैल जरा मंदावला की खच्च. कातडीवर रक्ताचा थेंब यायचा, त्यावर माशी बसायची आणि बैल पळायचा. लोक म्हणायचे, "वामनरावची जोडी पाहा, कशी चालते." मला वाटायचं, ही सगळी माझीच करामत. वर्षातून एकच दिवस मला सुट्टी असे, पोळ्याचा. त्या दिवशी बैलाला मारायचं तर सोडाच, तुतारी हातातही घ्यायची नाही, असा नेम. मी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी राहून धुसफुसायची.

मग ते झालं. पवळ्या नावाचा बैल होता. भर उन्हात धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधापाशी, वळताना तो अडला. वामनरावांनी चिडून मला जोरात चालवलं आणि नेमकी त्याच क्षणी पवळ्याने मान फिरवली. माझा खिळा त्याच्या डोळ्यात गेला. तो हंबरला नाही, मित्रांनो. त्याने फक्त गुडघे टेकले. रक्त माझ्या अंगावरून वामनरावांच्या मनगटापर्यंत आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पक्कडीने खिळा उपटला. गावाला सांगितलं, दुसऱ्या बैलाचं शिंग लागलं. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला.

पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि मी आढ्यात खोचलेली राहिले. कितीतरी वर्षांनी वामनरावांचा मुलगा किशोर आला आणि मला गाडीत टाकून अमरावतीला घेऊन गेला. मी खूश. म्हटलं, चला, कुणाला तरी आपली आठवण झाली.

कशासाठी झाली ते त्याच्या घरी कळलं. तिथे बोंड्या होता, नऊ महिन्यांचा कुत्रा, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा. किशोरच्या मुलीने, आकांक्षाने, त्याला आणलं होतं. सकाळी आकांक्षा शाळेत, तिचे आई-पप्पा कामावर, दाराला कुलूप आणि आत बोंड्या एकटा. संध्याकाळी दार उघडलं की काहीतरी फाटलेलं असायचं. कधी उशी, कधी खुर्चीचा पाय, कधी सोफ्याचा कोपरा.

आणि मग किशोरच्या हातात मी.

मी दारामागे उभी असायची, म्हणून दिवसभर सगळं बघायची. बोंड्या आधी दारापाशी बसून रडायचा. मग आकांक्षाच्या चपलेत नाक खुपसायचा. मग घरभर धावायचा, दाराला नखं मारायचा, आणि त्यानेही भागलं नाही की दात लावायचा. जिथे घरातली माणसं बसतात, तिथेच जास्त. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं, म्हणजे किशोर यायची वेळ झाली, की तो थरथरायला लागायचा आणि दात आणखी जोरात चालायचे. कुलपात किल्ली फिरली की जागेवरच मुतायचा. त्याचा मार वेगळा. मी त्याच्या पाठीवर बसले, तोंडावर बसले. एकदा मागच्या पायावर अशी बसले की आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तेव्हापासून तो लंगडतो.

"पप्पा, तुमी काहून मारता हे त्याले समजूनच नाई राहिलं," आकांक्षा म्हणाली.

"समजन. आता एक जरी वस्तू फाडली, त बडनेऱ्याच्या पुढं हायवेवर सोडून येतो. मंग ट्रकवाले पाहून घेतीन."

पोळ्याच्या दिवशी तिघं वामनरावांना आणायला गावी गेले. गावभर जोड्या सजतात आणि आपल्या दारात रिकामी दावण, हे म्हाताऱ्याला बघवत नव्हतं. चार वाजता सगळे परत आले. कुलूप उघडलं, तर सोफ्याचा फोम हॉलभर, आणि आकांक्षाच्या आईच्या आंदणातल्या सागवानी दिवाणाचा एक पाय कुरतडून अर्धा झालेला. दिवाणाखाली बोंड्या, हिरड्यांतून रक्त गळतंय.

किशोरने मला उचललं. एक फटका. दुसरा. तिसऱ्याला आकांक्षा आडवी पडली आणि मी तिच्या मनगटावर बसले.

"किशोर," दारातून वामनराव म्हणाले, "आज कोनता दिवस हाय?"

"पोळा."

"मंग तुतारी हातात काहून?"

"बाबा, तो नेम बैलासाठी हाय. कुत्र्यासाठी नाई."

"नेम बैलासाठी नाई, लेका. आपल्या हातासाठी हाय." ते पायरीवरच बसले. "पवळ्याचा डोळा आठवते?"

किशोर लहानपणी त्याच पवळ्याच्या पाठीवर बसून गावभर मिरवला होता. "शिंग लागलं होतं त्याले."

"शिंग नाई. हे तुतारी लागली होती. माह्या हातानं."

आईने बर्फ आणून आकांक्षाच्या मनगटावर धरला.

"ह्यानं फाडलं कवा?" वामनरावांनी विचारलं.

"दुपारी फाडलं असन."

"अन् मार भेटला चार वाजता. त्याले काय समजन? मानूस घरी आला का मार भेटते, एवढंच. म्हनून भेते, अन् भ्यालं का चावते. गोऱ्ह्याले पहिल्याच दिवशी वखराले जुंपते का कोनी? महिनाभर दे मले. नाई जमलं त मीच नेऊन सोडतो हायवेवर."

नव्या गोऱ्ह्याच्या मानेवर आधी नुसतं जू ठेवतात, मग हलका ओंडका ओढायला देतात, वखर नंतर. बोंड्याला एकटेपणाचं जू असंच हळूहळू दिलं. सकाळी आकांक्षा त्याला दमेपर्यंत पळवून आणायची. मग सगळे बाहेर जायचे, दहा आकडे मोजायचे, आत यायचे. जाताना लाड नाहीत, आल्यावर गोंधळ नाही. तो शांत असेल तर भाकरीचा तुकडा. मग नळापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग अर्धा तास.

शेजारच्या रुख्मिणीकाकू हसल्या. "वामनराव, अख्खं घर भाईर निघते अन् वापस आत जाते. किल्ली सापडत नाई का?"

"कुत्र्याची शाळा हाय, बाई. हेडमास्तर मी."

"दात हायेत त चावनच," असं म्हणून वामनरावांनी मला करवतीने हातभर कापलं, टोकं घासून गुळगुळीत केली आणि बोंड्याच्या गोधडीवर ठेवलं. तीन दिवस तो जवळही फिरकला नाही. चौथ्या दिवशी वास घेतला. मग दात लावले. दुखलं का? दुखलं. पण मी कुठल्या तोंडाने तक्रार करणार होते?

बाराव्या दिवशी त्याने किशोरचा बूट फाडला. किशोरचा हात सवयीने दारामागे गेला. तिथे मी नव्हते. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग त्याने दुसरा बूट उचलून कपाटात ठेवला.

महिना संपला त्या दिवशी बोंड्या चार तास एकटा होता. दिवाणाचे उरलेले तीन पाय शाबूत. किल्ली फिरली. बोंड्या मुतला नाही. त्याने मला तोंडात धरलं, लंगडत दारापर्यंत गेला आणि किशोरच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, ती मूठ माझ्या ओळखीची होती. ती आवळली. बोंड्याची शेपटी थांबली.

किशोरने मला अंगणात लांब फेकलं आणि तो दारातच खाली बसला. बोंड्या तीन पायांवर धावत आला, मला उचललं आणि परत त्याच हातात आणून दिलं.

तुमच्याही दारामागे एखादी काठी उभी असेल, तर तिला कापून हातभर करा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा उगारल्यावर आम्हाला थांबता येत नाही, मित्रांनो. थांबायचं असतं हाताने.