फुलीपलीकडची शंभर पावलं

"काका, या दगडावर लाल फुली आहे. वाट बरोबर आहे ना?"

वाटाड्या थांबला. मागचे सात जणही थांबले. विचारणारी बाई शाळेत शिकवायची. प्रत्येक गोष्ट तपासून बघायची तिला खोडच होती.

"जुनी असेल," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं नेतोय लोकांना. डोळे मिटून नेईन."

"मग मिटा बघू!" मागून एका टकल्या पाहुण्याने आवाज दिला. सगळे हसले. वाटाड्याही हसला. त्याला हसावंच लागलं.

दोन वर्षं झाली, त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करडा डाग बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते येणार नाही. उरलंय ते सांभाळा." सांभाळा म्हणे! राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळची खोली वाटाड्याच्या परवान्यावर मिळालेली. परवाना गेला की खोलीही जाणार. डोंगर कुणाच्या बापाचा नसतो म्हणतात, ते साफ खोटं. डोंगराला कार्यालय असतं, कार्यालयाला दार असतं आणि दाराबाहेर काढायला शिपाई असतो.

त्याची बायको याच सहलींवर स्वयंपाक करायची. "चहाचं आधण ठेवते पुढे जाऊन," म्हणत ती रोज त्याच्या दहा पावलं पुढे चालायची, डोक्याला पिवळा फडका बांधून. मान जरा वाकडी केली की तेवढं पिवळं त्याला दिसायचं. पण आज चौथ्या दिवशी एका पाहुण्याचा पाय मुरगळला आणि तिला त्याच्याजवळ तळावर थांबावं लागलं. निघताना ती कानाशी लागली होती, "अहो, नका जाऊ. पोट दुखतंय म्हणा."

"आज पोट, उद्या डोकं. किती अवयव पुरवू?"

हंगामाआधी कार्यालयात बैठक झाली होती. दरड कोसळलीय, वाट वरून वळवलीय, असं सांगत साहेबाने नकाशावर बोट ठेवलं. "समजलं सगळ्यांना?" सगळ्यांबरोबर यानेही मान डोलावली. कुठून वळवली ते बघायला जवळ जाऊन मान वाकडी करावी लागली असती, आणि मग साहेबाने त्याच्याकडे बघितलं असतं.

फुलीपुढे शंभरेक पावलांवर पायाखालची माती भुसभुशीत झाली. त्याने काठी पुढे टेकू पाहिली, ती कशालाच लागली नाही. खडे सुटले. ते खाली आपटल्याचा आवाज येईना. बाईने मागून त्याची सॅक गच्च धरली.

"काका, समोर दरी आहे! दिसत नाही का?"

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसत."

आता कुणी हसलं नाही. मग टकल्या किंचाळला, "चार दिवस आंधळ्यामागे फिरवलंत आम्हाला? माझी मुलगी आहे इथे!"

"शिव्या मागून द्या, साहेब. आधी पाठ डोंगराला लावा आणि एकेक जण मागे सरका. माती हलली की थांबा. ताई, तुम्ही दिसेल ते सांगत चला, पाय कुठे टाकायचा ते मी सांगतो."

सगळे तळावर धड पोचले. वाटाड्या बाईच्या सॅकचा पट्टा धरून चालत आला. बायकोने ते लांबूनच पाहिलं आणि हातातला डाव खाली ठेवला.

सहलीचा अभिप्राय लिहायचे कागद पत्र्याच्या पेटीवर पडले होते. टकल्याने आधीच पेन उघडलं होतं.

"साहेब, पाया पडते," बायको म्हणाली. "तीन दिवस तुम्ही माझ्यामागे चाललात. ठेच तरी लागली कुणाला? मी पुढे असते ना. यापुढे कुणाचा पाय मोडो नाहीतर मान मोडो, मी थांबणार नाही."

शिक्षिका वाटाड्याजवळ बसली. "काका, मी काही लिहिणार नाही. पण पुढच्या वेळी तुमच्यामागे माझ्या वर्गातली पोरं असली तर?"

वाटाड्याने पेटीवरचे कागद हाताने चाचपले. मग बायकोला म्हणाला, "एक कागद घे. लिही. वाटाड्याला दिसत नाही."

"वेड लागलंय तुम्हाला?"

"लिही गं. दुसऱ्याच्या हातचं नको."

तिने लिहिलं. एवढंसं वाक्य, पण लिहायला तिला फार वेळ लागला. मग तो सही करायला वाकला. पेन कागद सोडून पेटीच्या पत्र्यावर टेकत होतं. बायकोने कागद सरकवून पेनाखाली आणला.