कीड न दाखवणारी कोरणी

मित्रांनो, मी एक जुनी कोरणी आहे. पोलादाची, पेन्सिलीसारखी सडपातळ, टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान चमचा. मला वीज लागत नाही, मोटार लागत नाही. डॉक्टरांच्या हाताने मी दातातला किडून मऊ पडलेला भाग खरवडते. टणक भागाला धक्का लावत नाही. संशय हा माझा स्वभाव आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या दातावरही मी विश्वास ठेवत नाही, टोक टेकवून बघते.

तेलगावच्या शाळेतल्या दंततपासणी शिबिरात मात्र संशय माझ्यावरच आला.

आठ वर्षांच्या संस्कृतीची दाढ किडली होती. तिची आई वनमाला कमरेवर हात ठेवून उभी होती. मी तेव्हा कुकरच्या वाफेत निर्जंतुक होत होते.

“मशीन न्हाई, विंजेक्शन न्हाई, कुकर तेवढा हाय,” ती म्हणाली. “दवाखाना हाय का सैपाकघर?”

“मग जेवूनच जा,” डॉक्टर हीना हसल्या.

“दुधाची दाढ हाय. उपटून टाका, न्हाईतर सुभद्राबाईकडं नेते. ती कीड काढून परातीत दाखवती. तुमी काय दाखवणार?”

गावातली सुभद्राबाई तापल्या पळीवर रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकायची आणि त्याची धुरी तोंडात द्यायची. मग पळीखाली ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पांढरे किडे तरंगायचे. साऱ्या गावाने ते पाहिलं होतं.

“वनमालाताई, ही दाढ दुधाची नाही. गेली की परत येणार नाही,” हीना म्हणाल्या. “एक करा. तीच धुरी मध्ये कुणाचं तोंड न आणता परातीवर धरा. मग ठरवा.”

दुपारी वनमाला परात घेऊनच परतली. मध्ये कुणाचंच तोंड नव्हतं, तरी पाण्यात किडे होते.

“बियातलेच कोंब निगाले की वो,” ती म्हणाली. मग खुर्ची ओढत, “पण म्हून तुमी खऱ्या, असं न्हाई. मी हितंच बसते.”

मी दाढेत उतरले. ओल्या भुशासारखी कीड हलकेच बाहेर काढली, कडा स्वच्छ केल्या. तळाशी चामड्यासारखा एक चिवट थर होता. तिथे हीनांचा हात थांबला.

“ते का म्हून ठेवलं?” वनमालाने लगेच विचारलं.

“खाली नस आहे. वरून घट्ट बुजवलं की आतल्या जंतूंना खायला मिळत नाही.”

“बघू,” वनमाला म्हणाली. हीनांनी पांढरं सिमेंट बोटाने दाबून बसवलं.

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा आलं. मी त्या दाढेवर टकटक केलं. सिमेंट टणक होतं, संस्कृतीला दुखलं नाही. वनमालाने मोबाइलची बॅटरी लावून दाढ सगळीकडून पाहिली. मग लेकीला उठवून ती स्वतःच खुर्चीत बसली.

“आता माझी बी बघा. मिसरी लावते म्हून बोलू नका. आन् काय काढलं, काय ठेवलं, ते सांगत ऱ्हावा.”

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण तो तपासूनही बघा. आणि दाढेवर काळा ठिपका दिसला, तर दुखायची वाट बघू नका. मला लवकर बोलावलंत, तर मी थोडंच कोरते.