भोपळा वर, जयू खाली

जयूच्या स्वप्नात सागाची झाडं पाण्यात उभी असत. हिंगणीजवळच्या धरणात बुडालेली, पानं झडलेली, उंचच उंच. त्यांच्यामधून जयू सरकत जाई. वर नाही, तळाशी नाही, अगदी मधोमध. एका फांदीला हात लावावा, अलगद सुटावं, पुढच्या झाडाशी जावं. ऊन असे, पण हिरव्या बाटलीतून गाळून आल्यासारखं. आणि श्वास? तो तर स्वप्नात कधी आठवायचासुद्धा नाही.

जाग यायची तेव्हा ती अंगणातल्या बाजेवर पालथी असे, दोन्ही हात बाजूला पसरलेले.

"ऊठ व पोट्टे," आई म्हणे, "ऊन डोक्यावर आलं. कुठी गेलती पोहाले?"

"सागात," जयू म्हणे, आणि पुन्हा डोळे मिटे.

नववीची परीक्षा संपली आणि त्या चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हे स्वप्न चक्क सेलूच्या बसमधून उतरलं, दोन पेट्या घेऊन! म्हणजे ओमप्रकाशमामा उतरला. मामा आधी नौदलात पाणबुड्या होता. आता मुंबईच्या एका कंपनीसाठी पाण्याखाली जाऊन धरणांची दारं तपासायचा. सोमवारपासून हिंगणीला काम होतं, म्हणून मुक्काम बहिणीकडे, म्हणजे जयूच्या आईकडे, आनंदाबाईकडे.

पेट्या उघडल्या तशी सारी गल्ली ओसरीवर जमली. हवेच्या लोखंडी टाक्या, तोंडात धरायची नळी, काचेचा मोठा चष्मा. पण जयूचे डोळे अडकले ते भलतीकडेच. पाठीच्या आकाराला वाकवलेला एक पत्रा, त्यातून ओवलेले पट्टे, आणि पत्र्यामागे घोड्याच्या नालासारखी गोल वळलेली रबराची पिशवी.

"हे जहाजावरच्या एका गोऱ्याजवळ पाह्यलं अन् मी तसंच बनवलं," मामा म्हणाला. "पत्र्यानं टाकी पाठीवर घट्ट राह्यते. अन् हा पंख. यात फुंकून हवा भरली का माणूस वर. सोडली का खाली. मधातच राह्यचं असन, त मग जेवढ्यास तेवढी."

मधातच! जयू पत्र्याजवळ सरकली.

"मामाजी, मले?"

"तुले म्हणूनच तर सेलूत दोन पत्रे वाकवून घेतले." त्याने ओसरीवर मांडले, एक पोलादाचा, एक अॅल्युमिनियमचा. शेजारी पंखासाठी दोन ट्यूबा टाकल्या, एक जीपची, एक स्कूटरची. दोन्हीला फुंकायच्या नळ्या लावलेल्या. "पह्यला संच ज्याचा त्यानं निवडाचा. मी नाई सांगत. पण विहिरीत मी लोटा सोडीन, अर्ध्या पाण्यापर्यंत. त्या लोट्याबाजूले, त्याले हात न लावता, गप टांगून राह्यली तर रविवारी तुले धरणात नेतो. नाई त काठावर बसून भजे खाजो."

"सागात नेसान?"

"सागातच."

निवडायचं म्हणजे सगळ्यांनीच निवडलं. गावातली पोरं पोहायला शिकत ती भोपळ्यावर. वाळलेला कडू भोपळा पाठीला बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा भोपळा, दुसऱ्या वर्षी त्याहून लहान, आणि एक दिवस आई म्हणायची, आज राहू दे. जयूचा भोपळा कधीच सुटला होता. पण हा संच तर पहिलाच!

"पह्यल्या खेपेले मोठा," शेजारच्या मनकर्णाबाईनं निकाल दिला. "जीपची ट्यूब घे, जीपची. त्या स्कूटरच्या ट्यूबीनं कोंबडीबी नाई तरंगनार."

"अन् वरून भोपळाबी बांध," आई म्हणाली.

"आई, भोपळा बांधून पाणबुडी कशी होईन मी?"

"मले काय ठाऊक? माही पोरगी वर आली पाह्यजे."

भोपळा नाही बांधला, पण जीपची ट्यूब घेतली. पत्रा पोलादाचा, कारण मामाचा स्वतःचा पोलादाचा होता.

शेतातली विहीर पायऱ्यांची होती, उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी. भावाची चड्डी आणि जुना सदरा घालून जयू पायरीवर बसली. मामाने पट्टे आवळले आणि पुन्हा बजावलं, "श्वास कधी रोखाचा नाई. वर येताना त मुळीच नाई. गुणगुणत राह्य, म्हणजे हवा आपोआप बाहीर जाते. मी बाजूलेच हावो."

ती आत शिरली आणि जात्याचा दगड जावा तशी तळाला जाऊन बसली. बरं, फुंका! ती फुंकत राहिली. मोठ्या ट्यूबमध्ये ती हवा कुठे गेली कोण जाणे. मग ती सगळी एका खांद्यामागे गोळा झाली, जयू आडवी झाली, हवा दुसऱ्या खांद्याकडे धावली, जयू उलटी! आणि मग तळ सुटला. लोटा समोरून सपकन गेला, वर, वर, जितकी वर तितकी ट्यूब फुगत गेलेली. घशात गुणगुण चालू ठेवत जयू बुचासारखी पाण्याबाहेर उसळली.

काठावर हशा पिकला.

"लोट्याले रामराम तरी केला का व?" मैत्रीण कमला ओरडली.

"पाह्य, कशी वर आली!" आई मात्र खूश. "मी म्हणलं नव्हतं, मोठीच घे म्हणून?"

जयूला रडू आलं होतं, पण ओल्या तोंडावर ते कुणाला दिसतंय. टाकीत अजून एकाच बुडीपुरती हवा होती. बाकीच्या टाक्या धरणाच्या कामाच्या. आणि उद्या शनिवार.

ती पायरीवर पाय सोडून बसली. पाण्यात तिची सावली होती आणि सावलीच्या खांद्यामागे ऊन थरथरत होतं, अगदी पंखांसारखं. आई काय म्हणाली? कशी वर आली! भोपळ्याचं कामच ते, वर आणणं. म्हणून तो जेवढा मोठा तेवढा चांगला. पण मले वर यायचंच नाई. मले खाली राह्यचं आहे! मग मोठा कशाला?

शनिवारी सकाळी तिने दुसरंच काहीतरी केलं. टाकी बांधलेला पोलादी पत्रा पाठीवर घेऊन, ट्यूब अगदी रिकामी ठेवून, ती छातीभर पाण्यातल्या पायरीवर गेली. खांदे खाली ओढले गेले, पाय उचलेनात. मग हलका पत्रा. आता पायरीवरून पाय सुटले, ती हळूहळू बुडाली, झाडाचं पान पडतं तशी.

"मामाजी! स्कूटरची ट्यूब, अन् हलका पत्रा."

"हलका?" मामाने कपाळाला आठ्या घातल्या. "अव, मी आठ वर्षं पोलाद घेऊन उतरून राह्यलो."

"समुद्रात ना? तिथं पाणी खारं, ते आपणच वर लोटते. अन् तुमच्या अंगात जाड रबराचा कोट. तोही तरंगते. त्याले दाबाले पोलाद पाह्यजे. माह्या अंगात दादाचा सदरा हाय, अन् विहिरीचं पाणी गोडं. मी काऊन ओझं नेऊ, अन् मग ते उचलाले हवा काऊन भरू?"

 मामा डोकं मागे टाकून असा हसला की विहिरीतले पारवे उडाले.

"मी नाई सांगत म्हणलं होतं ना? बांध तुह्या मनानं."

लोटा आधीच खाली सोडलेला होता, पितळेचा, आईने चिंचेने घासलेला. जयू उतरली. खाली, खाली, पण घाई नाही. ट्यूबची नळी तोंडाशी धरून एक छोटीशी फुंकर, दुधावरची साय बाजूला सारतो तेवढी. थांबली का? जरा खाली जाते आहे. अजून एक, त्याहून छोटी.

आणि थांबली.

श्वास आत घेतला की ती बोटभर वर जाई, सोडला की बोटभर खाली. तेवढंच. विहीर श्वास घेते आहे आणि आपण तिच्या छातीवर निजलो आहोत असं तिला वाटलं. उन्हाच्या लांबच लांब काड्या पाण्यात उतरत होत्या. त्या हळूहळू जाड झाल्या, करड्या झाल्या, त्यांना फांद्या फुटल्या. एक मासोळी तिच्या कोपराखालून गेली, जशी काही जयू इथलीच. तिने हात पसरले. काही धरायचं नव्हतं. बाजेवर हात असेच असायचे, आणि खाली सुतळी असायची. आता खाली पाणी होतं, वर पाणी होतं, आणि ती जागी होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मामाने समोर येऊन 'वर चल' म्हणून अंगठा वर केला, तेव्हा गुणगुणत ती हळूच वर आली.

"लोटा?" चष्मा काढत तिने विचारलं. तिला आत्ता आठवलं होतं, परतताना लोटा दिसलाच नव्हता.

"तो त मी केव्हाचाच ओढून घेतला," काठावरून कमला म्हणाली. तिच्या हातात लोटा होता आणि तोंड उघडंच होतं. "तुले नाई समजलं? तू त तशीच राह्यली व, टांगल्यावानी. कशाले टांगली होती पण?"

"कशालेच नाई!" जयू ओरडली, आणि ते सगळ्या विहिरीत घुमलं.

 आई पायऱ्या उतरून जवळ आली आणि पदराने जयूचे केस खसाखसा पुसू लागली.

"मी वरून पाहत होती," ती म्हणाली. "पाणी अगदी गप. बुडबुड्यावरच जीव होता माहा. उद्या धरणाचं एवढं मोठं पाणी. त्यात तुहे बुडबुडे कुठी शोधू?"

जयूजवळ आज सगळ्याचं उत्तर होतं. ती पळत घरी गेली आणि आढ्याला टांगलेला भोपळा काढून घेऊन आली, तोच, सगळ्यात मोठा, पहिल्या वर्षीचा.

"हा घेऊ उद्या. याले लांब दोरी बांधू, दोरीचं दुसरं टोक खाली, माह्या बाजूले, मामाजीच्या हातात. भोपळा वर तरंगन, मी खाली सागात. तू काठावरून भोपळा पाह्य. तो जिथी, तिथी मी."

आईने भोपळा हातात घेतला, बोटाने वाजवून पाहिला, कुठे चिरला तर नाही. मग पायरीवर बसली आणि दोरीला गाठ मारू लागली.