वर्ख लावताना बोलू नये

माझं धाकट्या जावेशी बोलणं बंद होतं, म्हणून तर ते काम जमलं. नाहीतर आम्हा दोघींना एका खोलीत तोंड मिटून बसवायची कोणाची छाती आहे?

झालं असं, की धाकटीने आणि माझ्या दिराने वेगळं घर घेतलं. घ्या की, नको कोण म्हणतंय? पण मला ते कळलं कुणाकडून, तर सामान हलवणाऱ्या ट्रकवाल्याकडून! "बाई, जिना अरुंद आहे, कपाट खाली न्यायचं कसं?" असं त्याने मलाच विचारलं. इतकी वर्षं आम्ही एका गॅसवर स्वयंपाक केला, आणि मला ट्रकवाला सांगणार? माझं डोकंच फिरलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती तरी काय कमी आहे? तिनेही टाकलं. मधल्या मध्ये आमच्या ह्यांचे हाल.

"तिला सांगा, दूध उतू चाललंय."

"ताईंना सांगा, मला दिसतंय."

आता ट्रक उद्यावर आला होता. ही बया एक शब्द न बोलता निघून जाणार होती. पण आधी बोलायचं कुणी? मी तर मुळीच नाही. मी थोरली.

आणि बांधाबांधीच्या त्या रणधुमाळीत हिला सुचलं काय, तर नव्या घराच्या दाराच्या काचेला सोन्याच्या वर्खाची किनार! हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. ह्यांच्यामार्फत निरोप आला, "ताईंना विचारा, येतील का? त्यांचा हात स्थिर आहे." मी शिवणकाम करते, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. स्तुतीने मी विरघळले, पण चेहऱ्यावर दाखवीन तर शपथ.

"येते म्हणावं," मी ह्यांना सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर काच पालथी ठेवली, कारण वर्ख मागच्या बाजूने लावायचा. मी जिलेटिनच्या कोमट पाण्याची सरळ रेघ ओढत जायचं आणि तिने त्यावर वर्ख ठेवायचा. हा वर्ख भलताच नाजूक, बोट लावलं की चुरा. तो उचलायला मऊ केसांचा चपटा ब्रश लागतो, आणि तो ब्रश आधी गालावर फिरवायचा असतो. गालाचं तेल केसांना लागलं, की वर्ख त्याला धरतो. पंखा बंद, खिडक्या बंद. श्वाससुद्धा तोंड वळवून सोडायचा. ह्यांना शिंका येतात, म्हणून ह्यांना बाहेर काढलं.

धाकटीने ब्रश स्वतःच्या गालावर फिरवला. वर्ख ढिम्म. पुन्हा फिरवला, तरी ढिम्म. उचलला जाणार कसा? बाईसाहेब घर आवरतानाही तोंडाला पावडर थापून बसतात. मग ब्रश हातात घेऊन ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझा गाल जन्माचा तेलकट. त्यावरून तिने मला किती चिडवलंय!

मी गाल पुढे केला.

गुदगुल्या झाल्या, पण हसायची चोरी. वर्ख अलगद उचलला गेला आणि काचेजवळ नेताच ओल्या रेघेवर चपखल बसला. गाल, वर्ख, काच. गाल, वर्ख, काच. बघता बघता तीन बाजू झाल्या. बोलून आम्ही इतक्या गुण्यागोविंदाने कधी काम केलं नसेल.

चौथ्या बाजूला तिने माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. तिच्या हाताला लसणाचा वास होता. उद्यापासून भाजी मी एकटीच चिरणार, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. आवरता आवरेनात. ब्रश ओला झाला, वर्खाचा बोळा झाला. तिने दुसरा गाल पाहिला, तोही ओला.

"ताई," ती म्हणाली, "गाल कोरडा ठेवा ना हो."

"कोरडा ठेवा म्हणे! ट्रकवाल्याकडून कळलं मला, ट्रकवाल्याकडून!"

टेबलावरचे वर्ख फडफडत उडाले.

"कसं सांगणार होते?" तीही ओरडली. "रोज ठरवून स्वयंपाकघरात यायचे. तुमचं तोंड बघितलं की रडूच फुटायचं, मग भाजी चिरून परत जायचे!"

तिच्या ओरडण्याने उरलेले गेले. एक तिच्या भुवईवर बसला, एक माझ्या ओठावर. आवाज ऐकून ह्यांनी घाबरून दार उघडलं, त्या वाऱ्याने शेवटचा पंख्यावर चढला. ती फिसकन हसली, मग मीही. हसता हसता आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडलो. चौथी बाजू अर्धी राहिली ती राहिलीच.

सकाळी ती काच मांडीवर घेऊन ट्रकमध्ये पुढे बसली. मी खिडकीतून ओरडले, "पोचलीस की फोन कर!" ट्रक गल्लीच्या टोकालाही गेला नव्हता, तर माझा फोन वाजला.

"काय गं? काय विसरलीस?"

"काही नाही, ताई. बोला ना काहीतरी."