खाली ढकललेला माणूस

युनिटमध्ये सगळे त्यांना गणितवाल्या बाई म्हणत. तीस वर्षं उपग्रहांच्या कक्षा मोजून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता एका अंतराळपटातल्या चुका काढायला दिग्दर्शकाने त्यांना बोलावलं होतं. स्फोटांचे आवाज, अवकाशातल्या ज्वाळा, सगळ्यावर त्यांनी काट मारली. दिग्दर्शकाने हूं की चूं केलं नाही. एका प्रसंगावर मात्र तो अडून बसला.

त्यात नायक आपल्या मेलेल्या सोबत्याला यानातून पृथ्वीच्या दिशेने ढकलतो आणि तो खाली जाऊन जळून जातो.

"नाही जाणार," बाई म्हणाल्या. "तोही यानाच्याच वेगाने पृथ्वीभोवती फिरतोय ना! हाताने ढकललं तर थोडा खाली जाईल, मग पुढे, मग वर. दीड तासाने परत तिथेच."

"परत? कुठून?"

"वरून."

त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं. यान मधोमध स्थिर होतं. माणसाचा ठिपका खाली सरकला, साडेतीन किलोमीटर पुढे गेला, वळसा घेऊन वर चढला आणि सावकाश यानाकडे उतरू लागला.

दिग्दर्शकाने स्वतःच लॅपटॉप मिटला.

"आमची होडी उलटली होती," तो म्हणाला. "मी आणि धाकटा भाऊ एका फळीला धरून होतो. सकाळी तो गेला. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्याला ढकललं. लाटेने परत आणलं. पुन्हा ढकललं, पुन्हा आला. खांद्यावर डोकं टेकायचा, बाई. लोक येईपर्यंत दिवसभर हेच."

बाईंनी मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला.

"एकदा तरी तो गेलेला बघू द्या मला."

बाईंनी पटकथेचा कागद ओढला आणि त्या प्रसंगापुढे मंजुरीची सही केली.

पहिल्या खेळाला दोघं शेजारी बसले होते. पडद्यावर ते प्रेत पेटलं, विझलं, नाहीसं झालं. टाळ्या पडल्या. बाईंनी वळून पाहिलं. दिग्दर्शकाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं; तो मान वर करून थिएटरच्या छताकडे बघत होता.

जाणकारांनी त्या प्रसंगाची यथेच्छ टर उडवली. सल्लागार झोपा काढत होती का, असंही कुणीतरी लिहिलं. भाचीचा फोन आला.

"आत्या, एवढी ढोबळ चूक तुझ्या नजरेतून सुटलीच कशी?"

"सुटली नाही गं. मीच राहू दिली."

"का पण?"

"एकाला बरं वाटेल म्हणून," त्या म्हणाल्या. "नाही वाटलं."