श्वाल्बेचं पाणी

एर्लेनबाखच्या स्टेशनात 'श्वाल्बे' इंजिन तासभर जागचं हललं नव्हतं आणि ड्रायव्हर लोरेन्झ डित्सेलचा जीव टांगणीला लागला होता. गाडी मिश्र होती. पुढे माणसांचे दोन डबे, मागे डुकरांच्या आणि वाइनच्या पिपांच्या वाघिणी. उत्तरेकडून आलेल्या राजाच्या शिपायांनी प्रवाशांना उतरवून शेतात बसवलं होतं आणि ते एकेक वाघीण उघडून बंडखोर शोधत होते. शेवटच्या वाघिणीत, पिपांमागे, लोरेन्झचा धाकटा भाऊ आन्सेल्म दडला होता.

त्यात इंजिनाची वेगळीच रड. चाकं फिरली तरच त्याचा पंप बॉयलरात पाणी ढकलायचा. गाडी रखडली की ड्रायव्हर नुसतं इंजिन सोडवून रुळांवर चार फेऱ्या मारून आणायचा. एर्लेनबाखच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. लेफ्टनंट फॉन टेसनोला नव्हतं; पण कमरेला तलवार लागली की काही माणसांचं शिकायचं राहूनच जातं.

"साहेब, दोन फेऱ्या मारू द्या. पाणी आटतंय."

"आणि तिसऱ्या फेरीला पसार होशील! खुळा समजलास मला?" लेफ्टनंटनं फाडकन थोबाडीत दिली. शिपाई हसले.

लोरेन्झ ओठाचं रक्त पुसत इंजिनावर चढला. वाइट नावाचा त्याचा फायरमन भट्टीतला जाळ ओढायची सळई घेऊन तयारच होता. "उस्ताद, बॉयलरच्या पातळीच्या काचेत पाणी दिसेना. जाळ खाली ओढतो."

"ओढलास तर दोन तास गाडी निघायची नाही. तोवर ते आन्सेल्मपर्यंत पोचतील."

"आणि नाही ओढला तर भट्टीचं छप्पर लाल होईल. मग त्यावर पाणी पडलं की बॉयलर फुटेल आणि आपण दोघं कौलांवर सापडू. तेही तुकड्यांनी!"

"पाच मिनिटं थांब रे. कदाचित सोडतील."

सोडलं नाही. मागून डुकरांचा चीत्कार उठला. शिपाई पेंढ्यात संगिनी खुपसत चालले होते. मग एक किंकाळी आली ती डुकराची नव्हती.

आन्सेल्मला त्यांनी केसांना धरून फरफटत आणलं. मांडी फाटली होती, मागे रक्ताचा पट्टा उमटत होता. इंजिनापाशी आणून लेफ्टनंटनं त्याच्या तोंडावर बूट मारला.

"कुणी लपवलं तुला? ह्या ड्रायव्हरनं?"

आन्सेल्मनं वर पाहिलं. आई गेल्यावर ज्यानं त्याला हातानं भरवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि एक दात थुंकला. "हा काळतोंड्या? आयुष्यात पाहिला नाही मी ह्याला."

सहा बंदुका झडल्या. तरी तो हलत होता, म्हणून लेफ्टनंटनं पिस्तूल कानाला लावलं.

लोरेन्झ ओरडला नाही. ओरडला असता तर भावाचं शेवटचं खोटं वाया गेलं असतं. त्याला स्वतःचीच चीड आली, त्या पाच मिनिटांची, त्या 'कदाचित'ची. फायरमन सळई उचलायला वाकला, तेव्हा लोरेन्झनं तिच्यावर पाय ठेवला.

"असू दे जाळ."

प्रवासी शेतातच राहिले. दोन्ही डबे शिपायांनी भरले आणि लेफ्टनंट स्वतः इंजिनावर चढला.

"चल, पुढचं स्टेशन गाठायचंय. तासभर पाण्यासाठी रडत होतास ना? आता घाल हवं तेवढं!"

श्वाल्बे निघाली. गावातलं शेवटचं घर मागे पडलं तसं लोरेन्झनं वाइटच्या छातीवर दोन्ही हात टेकले आणि त्याला गवतात ढकलून दिलं.

"अरे, त्याला का ढकललंस?" लेफ्टनंट दचकला.

"आळशी होता, साहेब."

लेफ्टनंटला ते फार आवडलं. तो खो खो हसला. चाकं आता चांगली फिरत होती. लोरेन्झनं पंपाच्या तोटीवर हात ठेवला.

"आता काय करतोस?"

"पाणी घालतोय, साहेब. परवानगी आहे ना?"

"घाल, घाल."

लोरेन्झनं तोटी पूर्ण उघडली.